स्लाइडही आणि बोटांनीही: एकच इलेक्ट्रिक गिटार घ्यायची तर काय पाहायचं?

तारसप्तक (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

बरीच वर्षं रॉक वाजवतो आहे, जवळजवळ सगळं पिकने (तार छेडायच्या चकतीने). अलीकडे दोन गोष्टींनी झपाटलं आहे. एक स्लाइड, म्हणजे बोटात नळी घालून ती तारांवरून सरकवत वाजवणं, आणि दुसरं म्हणजे पिक बाजूला ठेवून नुसत्या बोटांनी वाजवणं. दोन्हींसाठी मिळून एक इलेक्ट्रिक गिटार घ्यायची आहे. सध्याची गिटार फ्लोटिंग ट्रेमोलोवाली (दांडी हलवून सूर वरखाली करायची सोय असलेली), तारा नऊच्या सेटच्या (पहिली तार ०.००९ इंच जाड), अ‍ॅक्शन (फ्रेट, म्हणजे नेकवरच्या धातूच्या पट्ट्या, यांच्यापासून तारेची उंची) अगदी खाली. तिच्यावर स्लाइड टेकवली की तारेआधी फ्रेट वाजतात.

ज्यांना ऐकून हे वेड लागलं त्यांच्या हातातल्या गिटारी पाहिल्या तर गोंधळ आणखी वाढतो. ड्वेन ऑलमन आणि डेरेक ट्रक्स म्हटलं की गिब्सन एसजी आठवते. बॉनी रेट, राय कूडर, सनी लँड्रेथ, लोवेल जॉर्ज हे सगळे फेंडर स्ट्रॅटोकास्टरवाले. जॉनी विंटरची फायरबर्ड, वॉरन हेन्सची लेस पॉल. नुसत्या बोटांनी वाजवणाऱ्यांत मार्क नॉफ्लरची स्ट्रॅट, रॉबी क्रीगरची एसजी, लिंडसी बकिंगहॅमची रिक टर्नरने बनवलेली मॉडेल वन. यातून निष्कर्ष काय काढायचा?

कोणता ब्रँड भारी हे नको, कारणं हवी आहेत. स्केल (तारेची वाजणारी लांबी), नेक, ब्रिज (बॉडीवर तारा टेकतात तो भाग), पिकअप (तारेचं कंपन टिपून अ‍ॅम्पकडे पाठवणारं चुंबक) यांतलं नेमकं काय या कामाला लागतं?

खरज

छान धागा. तुमची यादी उत्तम आहे. फक्त तिच्यातली गिटारींची नावं क्षणभर झाका आणि या लोकांचे हात पाहा.

डावे हात सगळे वेगळे. ऑलमन स्लाइड अनामिकेत घालायचा, ट्रक्सही तिथेच घालतो. कूडर, लँड्रेथ, विंटर, जॉर्ज करंगळीत. रेटबाई मधल्या बोटात. ट्यूनिंग वेगळी, स्लाइडचं द्रव्य वेगळं. पण उजवा हात पाहिलात तर यांतले बहुतेक जण सपाट पिक वापरत नाहीत. ट्रक्सकडे पिक नसतंच. ऑलमन एरवी पिकने वाजवायचा, पण स्लाइडसाठी ते ठेवून द्यायचा. विंटर अंगठ्यात थंबपिक घालून बाकीची बोटं मोकळी ठेवायचा, लँड्रेथही तसंच करतो.

याचं कारण असं. स्लाइड ही सरळ नळी आहे, ती एका वेळी अनेक तारांना शिवते. हव्या त्या तारेवर सूर काढताना शेजारच्या तारा आपोआप गुणगुणू लागतात, आणि ओव्हरड्राइव्ह (आवाज मुद्दाम फाटल्यासारखा करणं) चालू असला की त्या गुणगुणीचा कल्लोळ होतो. तो थांबवायचा मुख्य मार्ग एकच: उजव्या हाताचं एकेक बोट एकेका तारेवर टेकलेलं, तिला गप्प ठेवणारं. ज्या तारेची पाळी आली तिच्यावरचं बोट उचलायचं, आणि उचलता उचलताच ती छेडायची. म्हणजे तुम्ही ज्यांना दोन गोष्टी म्हणता आहात ती एकच विद्या आहे. बोटांनी वाजवायला शिकलात की अर्धी स्लाइड हातात आली.

म्हणून माझं ठाम मत: स्लाइडसाठी गिटार डाव्या हाताने नाही, उजव्या हाताने निवडायची. दुकानात लोक नेक मुठीत धरून बघतात. स्लाइडला नेकच्या मागच्या आकाराचं फारसं काही पडलेलं नसतं. तुम्ही उजवा हात ब्रिजपाशी ठेवा आणि तारांमधलं अंतर बोटांना मानवतं का ते बघा.

आकडे सांगतो. जुन्या धाटणीच्या फेंडर ब्रिजवर पहिल्या तारेपासून सहाव्या तारेपर्यंत साधारण ५६ मिमी अंतर असतं. हल्लीच्या दोन खिळ्यांच्या ट्रेमोलोवर सुमारे ५२.५. गिब्सनच्या ट्यून-ओ-मॅटिक ब्रिजवर ५० ते ५१. म्हणजे दोन तारांमधलं अंतर जुन्या फेंडरवर ११ मिमीच्या थोडं पुढे, गिब्सनवर १० च्या आसपास. एक मिलिमीटर म्हणजे काहीच नाही असं वाटतं. जाड बोटं असलेल्या माणसाने दोन्हींवर अंगठा आणि तीन बोटं एकाच वेळी टेकवून पाहावीत, मग कळेल.

मंद्र

+१. वाचनखूण साठवली.

एक शंका. मग ट्रक्सला एसजीवर इतकं स्वच्छ कसं वाजवता येतं? तिथे तर जागा सगळ्यात कमी.

खरज

@मंद्र, हात लहानपणापासून त्याच अंतरावर बसला की तेच अंतर त्याचं होतं. रुंद जागा ही अट नव्हे. पण नव्याने पिक सोडणाऱ्याला ती मदत फार मोठी, म्हणून आधी सांगितली.

सेटअपवाला

गिटारींचं सेटअप करणं हा माझा रोजचा उद्योग, म्हणून डाव्या हाताची बाजू मी मांडतो. खरज यांचं उजव्या हाताबद्दलचं म्हणणं मान्य, पण तीन गोष्टी जमल्या नाहीत तर उजवा हात कितीही तयार असो, गिटार खडखडणारच.

पहिली गोष्ट फ्रेटबोर्डची गोलाई. जुन्या फेंडरची त्रिज्या ७.२५ इंच, नंतरच्यांची बहुधा ९.५, गिब्सनची १२. तारा या गोलाईनुसार बसवलेल्या असतात आणि स्लाइड तर सरळ. हिशेब केला तर ७.२५ च्या गोलाईवर ब्रिजजवळ मधल्या तारा कडेच्या तारांपेक्षा सुमारे दोन मिमी वर असतात. १२ च्या गोलाईवर हाच फरक एक मिमीच्या आसपास येतो. सरळ नळी आधी मधल्या तारांना लागते. कडेच्या तारांपर्यंत पोचायला जोर द्यावा लागतो, आणि जोर दिला की मधल्या तारा फ्रेटवर आपटतात. म्हणून चपट्या फ्रेटबोर्डवर सहाही तारांचा कॉर्ड स्लाइडने सहज निघतो. जुन्या गोलाईची स्ट्रॅट असेल तर सॅडल (ब्रिजवरचे प्रत्येक तारेखालचे आधार) थोडे सपाट रेषेत आणता येतात. गोलाईशी जुळणाऱ्या, आतून किंचित वाकलेल्या स्लाइडही मिळतात. एकदोन तारांवरच गाणारे वादक याची फिकीर करत नाहीत. रेट आणि लँड्रेथ स्ट्रॅटवर काय करतात ते आपण ऐकतोच.

दुसरी गोष्ट अ‍ॅक्शन. बाराव्या फ्रेटवर तारेची उंची साधारण दीड मिमी असेल तर ती डाव्या बोटांना सुखाची, स्लाइडला अपुरी. निव्वळ स्लाइडची गिटार असेल तर अडीच ते तीनपर्यंत खुशाल न्या. दोन्ही करायचं तर दोन ते सव्वादोन या पट्ट्यात तडजोड सापडते. लक्षात ठेवा, तार जितकी उंच तितकी फ्रेटवर दाबताना जास्त ताणली जाते आणि सूर चढतो. त्यामुळे उंची वाढवली की इंटोनेशन (सगळ्या फ्रेटवर सूर नेमका लागतो का ते) पुन्हा तपासायचं.

अनेक जण विचारतात, जंबो फ्रेट टाकले तर उंची मिळेल का? नाही मिळणार. स्लाइड आपटते ती फ्रेटच्या माथ्यावर, लाकडावर नाही. अंतर तार आणि फ्रेट यांच्यातलं मोजायचं.

तिसरी गोष्ट तारांची जाडी, आणि माझ्या मते ही सगळ्यात महत्त्वाची. नऊच्या सेटवर स्लाइड म्हणजे तार खाली दबणारच, कारण तिच्यात स्लाइडचं वजन पेलायचा ताणच नाही. ट्रक्स ०.०११ पासून ०.०४६ पर्यंतचा सेट लावतो, त्यातली दुसरी तार ०.०१४. लँड्रेथ ०.०१३ ते ०.०५६. तुमचा खडखडाट अर्धा तारांमुळे आहे. नवी गिटार घेण्याआधी तार बदलून बघा.

काचनळी

एसजीच्या बाजूने बोलणारं कोणीतरी हवंच, म्हणून लिहिते आहे.

स्लाइडचा खरा आनंद वरच्या सप्तकात आहे. बाराव्या फ्रेटच्या पुढे, जिथे आवाज माणसाच्या गळ्यासारखा होतो. एसजीचा नेक जवळजवळ शेवटच्या फ्रेटपर्यंत दोन्ही बाजूंनी मोकळा असतो, हात कुठे अडत नाही. लेस पॉलवर त्याच जागी अंगठा लाकडाला भिडतो. स्लाइडवादक फ्रेटबोर्ड संपल्यावरही पुढे जातात, थेट पिकअपच्या वर. तिथे फ्रेट नाहीत, खूण नाही, फक्त कान. अशा वेळी हाताला मोकळीक असलीच पाहिजे.

दुसरं, हमबकर, म्हणजे दोन गुंडाळ्यांचे पिकअप. मार्च १९७१ मधलं न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्टमधलं ड्वेनच्या ऑलमन ब्रदर्स बँडचं ध्वनिमुद्रण ऐका. स्लाइडचा सूर तुटत नाही, विरत नाही, एका दमात लांबत जातो. भरदार हमबकर आणि मोठ्याने चालवलेला व्हॉल्व्ह अ‍ॅम्प एवढ्यातच ते जमतं. ट्रक्सही बहुतेकदा गिटार सरळ फेंडरच्या सुपर रिव्हर्ब अ‍ॅम्पला जोडतो, मध्ये पेडल नाही. आणि त्याच्या मींडेबद्दल काय बोलावं! सरोदवादक अली अकबर खाँसाहेबांचं वादन त्याने मनापासून ऐकलं आहे आणि ते सुरासुरात दिसतं. स्वर गाठण्याआधी तो खालच्या श्रुतीवर थांबतो, तिथून हळू उचलत नेतो. हे करायला सूर लांबला पाहिजे, आणि सूर लांबवायला पिकअपमध्ये ताकद पाहिजे.

स्लाइडबद्दल कोणीच लिहिलं नाही. ऑलमनची स्लाइड म्हणजे कोरिसिडिन या सर्दीच्या गोळ्यांची काचेची बाटली होती. एका बाजूने बंद, भिंत पातळ, वजनाला हलकी. ट्रक्स तिच्याच धाटणीची काच वापरतो. लोवेल जॉर्जने स्पार्क प्लग काढायचं ११/१६ इंची सॉकेट करंगळीत घातलं. जॉनी विंटरची लोखंडी पाइपच्या तुकड्यातून आलेली. पितळेची घनता काचेच्या तिप्पट-चौपट, त्यामुळे त्याच मापाची पितळी नळी कितीतरी जड होते. जड स्लाइड तारेला पक्की बांधून ठेवते, सूर लांब आणि धारदार येतो. पण अ‍ॅक्शन खाली असेल तर तीच जड नळी तार दाबते. काच गुळगुळीत, तारेवर सरकताना खरखर कमी, आवाज गोलसर. तुमची अ‍ॅक्शन मध्यम राहणार असेल तर मध्यम जाडीची काच घ्या, हे माझं स्पष्ट मत.

आणि माप! नळी बोटात डुगडुगली तर सूर कधीच स्थिर होणार नाही. पेरापर्यंत घट्ट बसली पाहिजे, पण झटकली तर निघाली पाहिजे.

तारसप्तक

खूप धन्यवाद सगळ्यांना. @काचनळी, तुमच्या प्रतिसादाने एसजी पुन्हा डोक्यात शिरली.

आता ट्यूनिंगचं विचारतो. मला स्टँडर्ड ट्यूनिंगचीच (ई ए डी जी बी ई) सवय आहे. मोकळ्या तारा छेडल्या की पूर्ण कॉर्ड वाजतो अशा ओपन ट्यूनिंगपैकी ओपन ई, ओपन डी, ओपन जी यांतलं काय धरायचं, आणि त्याचा गिटार निवडण्याशी काही संबंध आहे का? की कुठल्याही गिटारवर कुठलंही ट्यूनिंग चालतं?

खरज

संबंध आहे, आणि फार जवळचा आहे.

ट्यूनिंग आपल्या भाषेत मांडतो, म्हणजे पाठ करावं लागणार नाही. ओपन ई किंवा ओपन डी म्हणजे जाड तारेकडून बारीक तारेकडे सा प सा ग प सा. दोन्हींची रचना एकच, फक्त षड्ज वेगळा. ओपन जी किंवा ओपन ए म्हणजे प सा प सा ग प. पहिल्या घराण्यात पहिली तार षड्जावर, त्यामुळे गाण्याची सुरावट वरच्या तारेवर नेऊन सा वर विसावता येते. ऑलमन आणि ट्रक्स त्या घरचे. दुसऱ्या घराण्यात पहिली तार पंचमावर. रेटबाई आणि लोवेल जॉर्ज या घरचे. विंटर दोन्हींत वाजवायचा. दोन्ही घराण्यांत गांधाराची तार मोकळी असते, आणि ब्लूजचा जीव कोमल आणि शुद्ध गांधार यांच्या मधल्या जागेत आहे. ती जागा फ्रेटवर सापडत नाही, स्लाइडने सापडते.

आता गिटारशी संबंध. ओपन ई साठी स्टँडर्डच्या तीन तारा चढवाव्या लागतात. पाचवी आणि चौथी दोन-दोन अर्धस्वर, तिसरी एक. तार दोन अर्धस्वर चढवली की तिच्यावरचा ताण सुमारे २६ टक्क्यांनी वाढतो, एक अर्धस्वर चढवली की १२ टक्क्यांनी. ओपन ए साठी तर तीन तारा दोन-दोन अर्धस्वर चढतात. उलट ओपन डी साठी चार तारा उतरतात आणि दोन अर्धस्वर उतरलेल्या तारेचा ताण पाचव्या हिश्शाने कमी होतो.

इथे स्केल येतं. गिब्सनचं स्केल साधारण ६२८ मिमी, फेंडरचं ६४८. तीच तार, तोच सूर, तरी लांब स्केलवर ताण सुमारे ६ टक्के जास्त. म्हणून छोट्या स्केलच्या गिटारवर ओपन ई शोभतं: चढवलेल्या तारांनी ताण भरून निघतो. लांब स्केलवर पुरेसा जाड सेट लावून ओपन डी किंवा ओपन जी ला उतरलात तरी तारा सैल पडत नाहीत. मला वैयक्तिक हा दुसरा रस्ता जास्त आवडतो, आवाजाला खर्जाचं वजन येतं.

सेटअपवाला

यात भर. स्टँडर्डमधून ओपन ई ला गेलात की नेकवरचा एकूण ताण बदलतो, नेक किंचित वाकतो, अ‍ॅक्शन हलते. दर वेळी पेग फिरवून दोन्ही ट्यूनिंग वापरायचं ठरवलंत तर कुठलंच सेटअप पक्कं होणार नाही. आणि फ्लोटिंग ट्रेमोलो असेल तर एक तार चढवली की बाकीच्या पाच उतरतात. या धाग्यातली सगळ्यात सोपी सूचना देतो: फिक्स्ड ब्रिज घ्या. ट्रेमोलोवालीच आवडली तर सगळ्या स्प्रिंग लावून ब्रिज बॉडीला टेकवा, किंवा मागे लाकडी ठोकळा घालून अडवा.

पाचवी तार

फिक्स्ड ब्रिजचा विषय निघाला आणि फेंडर टेलिकास्टरचं नाव कोणीच घेतलं नाही?

फिक्स्ड ब्रिज, लांब स्केल, जुन्या धाटणीच्या ब्रिजवर तारांमध्ये भरपूर जागा, व्हॉल्यूमचा नॉब करंगळीच्या टप्प्यात. इलेक्ट्रिक स्लाइडचा पाया घालणारा मडी वॉटर्स पुढे टेलिवरच रमला, करंगळीत छोटी नळी घालून. किथ रिचर्ड्सने सहावी तार काढूनच टाकली आणि ओपन जी पाच तारांवर वाजवला. तुमच्या भाषेत @खरज, सा प सा ग प. खर्जातला पंचम गेल्यामुळे कॉर्डचा बूड थेट षड्जावर बसतो. तो स्लाइडसाठी नव्हे, ऱ्हिदमसाठी, पण एकाच गिटारवर कॉर्ड आणि स्लाइड दोन्ही करायचं असेल तर ही वाट करून बघण्यासारखी आहे.

एक अडचण मात्र सांगतो. जुन्या पद्धतीच्या टेलि ब्रिजला कडा वर वळलेल्या असतात. बोटांनी वाजवताना तळहाताची कड त्यावर घासते. कापलेल्या कडेचे ब्रिज मिळतात.

मंद्र

मी थोडं उलट बोलतो. ओपन ट्यूनिंग हवंच असं नाही. वॉरन हेन्स बरंचसं स्लाइडकाम स्टँडर्डमध्ये करतो. रॉकमध्ये गाणं मध्यात स्लाइड मागतं, पुढच्या कडव्यात साधा सोलो मागतं. स्टँडर्डमध्ये राहिलात तर तुमचं बोटांचं सगळं ज्ञान जागच्या जागी राहतं. एकाच गिटारचा हट्ट असेल तर खरं तर हाच मार्ग सरळ आहे. कॉर्ड कमी मिळतात, चौथ्या-तिसऱ्या-दुसऱ्या तारेवरचा मेजर मात्र मिळतोच.

काचनळी

@मंद्र, मिळतं सगळं, पण शेजारच्या तारा तिथे वैरी असतात. ओपन ट्यूनिंगमध्ये चुकून तार वाजली तरी ती कॉर्डमधलीच असते. स्टँडर्डमध्ये ती बेसूर लागते. हेन्सची तार दाबून ठेवण्याची शिस्त जबरदस्त आहे म्हणून ते शोभतं. नवख्याला मी आधी ओपन सांगेन.

मंद्र

उलट, मी म्हणेन की त्याच कारणासाठी नवख्याने स्टँडर्डमध्ये सुरुवात करावी. गप्प ठेवण्याची शिस्त पहिल्या दिवसापासून अंगी लागते. यावर आपलं एकमत होणार नाही, ठीक आहे.

रेझोनेटरप्रेमी

थोडं आडवळण घेतो. तारसप्तक यांनी नॉफ्लरचं नाव घेतलं, म्हणून.

१९८५ च्या ब्रदर्स इन आर्म्स या डायर स्ट्रेट्सच्या अल्बमच्या मुखपृष्ठावर आभाळात तरंगणारी चकचकीत गिटार आहे ना, ती त्याची १९३७ ची नॅशनल स्टाइल ओ. पितळेची बॉडी, त्यावर निकेलचा मुलामा, आत अ‍ॅल्युमिनियमचा एक शंकू. ही जात मुळात मोठ्या आवाजासाठी जन्मली. नॅशनलच्या तीन शंकूंच्या गिटारी १९२७ च्या सुमारास आल्या, तेव्हा वाद्यवृंदात गिटार ऐकूच येत नसे. मांडीवर आडवी ठेवून पोलादी कांबीने वाजवण्याची हवाईची पद्धत तेव्हा जोरात होती. म्हणून या गिटारींत दोन प्रकार झाले. चौकोनी नेकची मांडीवर ठेवायची, तिथे तारा सेंटिमीटरभर वर असतात आणि फ्रेट नुसत्या खुणा. गोल नेकची नेहमीसारखी धरून वाजवायची. घ्यायची तर गोल नेकची घ्या. चौकोनी नेकवर बोटांनी कॉर्ड धरता येत नाही.

पण तुमच्या कामाला ही एकुलती एक गिटार म्हणून नको. ओव्हरड्राइव्ह लावला की शंकू स्वतःच घुमायला लागतो, फीडबॅक आवरत नाही. रॉक बँडमध्ये ती दुसरी गिटार म्हणूनच सुंदर.

तारसप्तक

दुसऱ्या गिटारची हाव आत्ताच नको, एकीवरच थांबतो!

राहिले पिकअप. काचनळी हमबकर म्हणतात. स्ट्रॅटवाले सगळे सिंगल कॉइलवर (एकाच गुंडाळीचे पिकअप). बोटांनी वाजवायला काय बरं?

खरज

इथे मी काचनळींशी अर्धा सहमत, अर्धा नाही.

पिकने छेडताना दर वेळी जवळपास सारखाच टोला बसतो. बोटांत तसं नसतं. गराने छेडलं, नखाने छेडलं, ओढून सोडलं, नुसतं टेकवलं, प्रत्येकाचा आवाज वेगळा आणि त्यांच्यातलं अंतर फार मोठं. ताकदवान पिकअप अ‍ॅम्पला लगेच दाबात नेतो आणि हे सगळे बारीक फरक एका पातळीवर चेपतो. जेफ बेकने १९८० च्या दशकात पिक कायमचं सोडलं. त्याची स्ट्रॅट ऐका: अंगठ्याने छेडलेला सूर, करंगळी व्हॉल्यूमवर किंवा ट्रेमोलोच्या दांडीवर, आणि स्वर कुजबुजीपासून किंकाळीपर्यंत जातो. सिंगल कॉइलमध्ये ती जागा शिल्लक असते. नॉफ्लर अंगठा आणि दोन बोटांनी जो टपोरा, तुटक आवाज काढतो तोही याच मोकळ्या जागेतून येतो.

सिंगल कॉइलची अडचण म्हणजे सूर लवकर विरतो. लोवेल जॉर्जने त्यावर कॉम्प्रेसरचा (आवाजाची पातळी सारखी राखणाऱ्या यंत्राचा) उपाय केला, म्हणून त्याची स्लाइड सिंगल कॉइल असूनही लांबलचक गाते. कूडरने तर पिकअपच बदलले. त्याच्या प्रसिद्ध स्ट्रॅटवर ब्रिजपाशी जुन्या लॅप स्टीलमधला (मांडीवर आडवी ठेवून वाजवायच्या गिटारमधला) पिकअप आहे आणि नेकपाशी टेस्को कंपनीचा गोल्ड फॉइल. लॅप स्टीलचा पिकअप स्लाइडसाठीच घडलेला, त्याला पितळेची किंवा काचेची सरसर सोसते आणि मधला स्वर पुढे येतो.

बकिंगहॅमचं उदाहरण तर मला सगळ्यात बोलकं वाटतं. लेस पॉलचा भरीवपणा हवा, पण त्याच्या वेगवान बोटांखाली प्रत्येक टोला सुटा ऐकू आला पाहिजे, ही त्याची गरज. टर्नरच्या गिटारमध्ये एकच हमबकर आहे, तो फिरवून तारांखालची जागा बदलता येते, आणि आवाजाचा पोत घडवायला गिटारमध्येच इलेक्ट्रॉनिक सोय आहे. बोटांनी वाजवणाऱ्याची गरज ओळखून बनवलेली रॉक गिटार कशी असते हे बघायचं तर ती बघा.

मधला रस्ता हवा असेल तर पी-९० नावाचा पिकअप. सिंगल कॉइलची जाग, हमबकरच्या जवळ जाणारी ताकद. गुणगुण मात्र सोसावी लागते.

काचनळी

हमबकर चेपतो हे कमी ताकदीच्या जुन्या धाटणीच्या हमबकरला लागू नाही. गिटारचा व्हॉल्यूम सहावर आणला की बोटांचा प्रत्येक फरक ऐकू येतो. क्रीगर फ्लामेंकोतून रॉकमध्ये आला, पिक न घेता एसजी वाजवली, त्याच्या बोटांचं काही लपलं का? गरम, जास्त गुंडाळीचे पिकअप नकोत, इतकंच मी मान्य करते.

खरज

@काचनळी, हे म्हणणं रास्त आहे. पिकअपची जात कमी, ताकद जास्त महत्त्वाची, असं म्हणू या.

तारसप्तक

मंडळी, धागा थोडा थंड झाला होता, पण मधल्या काळात गिटार घेतली, म्हणून वर आणतो.

सेटअपवाला यांनी सांगितलं तसं आधी जुन्या गिटारवर अकराचा सेट लावून पाहिला. खडखडाट खरंच बराच कमी झाला, पण ट्रेमोलोने ट्यूनिंगची वाट लावली. मग एसजी आणि फिक्स्ड ब्रिजची टेलि एकापाठोपाठ वाजवून पाहिल्या. एसजीवर वरच्या सप्तकात हात फिरवायचं सुख काचनळी म्हणतात तसंच. पण पिक न घेता अंगठा आणि तीन बोटं तारांवर टेकवली आणि लगेच जाणवलं, माझ्या बोटांना टेलिवर जागा होती, एसजीवर नव्हती. टेलि घेतली. ब्रिजपाशी ५५ मिमी, गोलाई ९.५, नेकपाशी पी-९०. काचेची स्लाइड, करंगळीत. अकराचाच सेट, ओपन डी.

आता एकच तक्रार. मधल्या तारा भरदार वाजतात, पहिली तार मात्र स्लाइडखाली बारीक आणि काचेरी वाटते. अ‍ॅक्शन बाराव्यावर दोन मिमी आहे.

सेटअपवाला

अभिनंदन! उत्तम निवड.

पहिली तार अकराची आहे आणि ती डी ला उतरवलेली, म्हणून सैल पडली. सेट तोच ठेवून फक्त पहिली तार १३ ची लावा, दुसरी १५ किंवा १६ ची. नटच्या (नेकच्या वरच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या) खाचेत तार अडकत नाही ना ते पाहा, गरज पडली तर खाच रुंद करून घ्या, खोल नको. त्यानंतर पहिल्या तारेचं सॅडल पाव मिमी वर. हे सगळं झाल्यावर ओपन डी मध्ये नेकचा बाक तपासा, आणि शेवटी इंटोनेशन. पिकअपची उंची तोवर हलवू नका. तारा वर गेल्या की त्या पिकअपपासून लांब जातात, म्हणून तो नंतर, पहिल्या तारेच्या बाजूने अर्धा फेरा वर घ्यायचा. जाड तारांच्या बाजूने वर घेऊ नका, चुंबक तार ओढतो आणि सूर डगमगतो.

खरज

आणि छेडायची जागा बदलून बघा. ब्रिजपासून दूर, पी-९० च्या जवळ, बोटाच्या गराने. नख लागू देऊ नका. डाव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट स्लाइडच्या मागे तारांवर हलकेच टेकलेलं असू द्या. नट आणि स्लाइड यांच्यामधला तारेचा तुकडाही वाजत असतो, काचेरी आवाजातला बराचसा भाग तिथून येतो.

तारसप्तक

मागची बोटं मी वरच उचलून धरत होतो! उद्या १३ ची तार आणतो आणि कळवतो.

काचनळी

नक्की कळवा. आणि ध्वनिमुद्रण टाका, पहिल्या तारेवर कोमल गांधारातून शुद्धात जाणारी एक लांब मींड तरी ऐकवाच.